कट्टीचा निरोप

राहनाळच्या शाळेत चौथीच्या वर्गात कट्टी करायची ती हेमालीने आणि पोचवायची ती निशाने. तसं कुणी ठरवलं नव्हतं. हेमालीच्या बाबांची गोदामं होती. तिथून ती फटफट फुटणाऱ्या बुडबुड्यांचं प्लास्टिक आणायची आणि ज्याला त्याला वीतभर द्यायची. निशाला मात्र हातभर मिळायचं. त्या बदल्यात निशा मधल्या सुट्टीत बाकाबाकावर फिरून सांगायची, "मृणालीशी बोलायचं न्हाय. हेमालीने सांगितलंय." कारण कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर निशालाही सांगता आलं नसतं. चंद्राशी कट्टी झाली तेव्हा तिने हेमालीसारखाच हेअरबँड घातला होता, एवढंच निशाला आठवत होतं. मनातून तिला चंद्राचं वाईट वाटलं होतं, पण निरोप तिने एक शब्दही न गाळता दिला होता. कामात ती चोख होती.

एका सोमवारी बाईंनी निशाचं चित्र भिंतीवर लावलं. हेमालीचं लावलं नाही. सुट्टीची घंटा झाली तशी हेमाली नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "जा, सगळ्यांना सांग. आजपासून निशाशी कुणी बोलायचं न्हाय."

निशा सवयीने उठली. पहिल्या बाकापासून सुरुवात केली. "निशाशी बोलायचं न्हाय. हेमालीने सांगितलंय."

मधल्या बाकावरच्या धनेशने खिचडीचा घास तोंडाशीच धरला. "म्हंजे तुझ्याशी?"

"हो," निशा म्हणाली, आणि मग आपण काय सांगतोय ते तिला कळलं. तरी उरलेले बाक तिने पुरे केले. काम अर्धवट टाकलेलं तिच्या आईला आवडत नसे.

ताटली घेऊन ती मागच्या ओट्यावर गेली. तिथे चंद्रा आणि मृणाली सागरगोटे खेळत होत्या. कट्टीवाल्या सगळ्या तिथेच बसत, आणि बघावं तर मजेत असत.

"मी पण खेळू?"

"आमाला तुझ्याशी बोलायचं न्हाय," चंद्रा वर न बघता म्हणाली. "तूच सांगत फिरलीस ना आत्ता."

निशा रडली, थोडं पाणी खिचडीतही पडलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओट्याच्या टोकाला येऊन बसली. एक सागरगोटा घरंगळत तिच्यापाशी आला. तो परत देताना ती हळूच म्हणाली, "हेअरबँड तुलाच जास्त शोभत होता."

चंद्राने सागरगोटा घेतला आणि सरकून जागा दिली.

आता पंचाईत झाली हेमालीची. कुणावर रुसावं, तर सांगायला जायचं कुणी? एकदा तिने स्वतःच जाऊन धनेशला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "का?" आणि तिला कारण सांगता येईना. शेवटी शुक्रवारी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली, हातात प्लास्टिकची घडी घेऊन.

"हिच्याशी आपली कट्टी," मृणाली पुटपुटली. "निशा, जा, सांगून ये तिला."

हेमाली एवढ्या जवळ होती की तिला सगळं ऐकू येत होतं. निशा अर्धी उठलीसुद्धा. मग परत खाली बसली.

"मी न्हाय जात. तुमचं तुम्ही सांगा."

मृणालीने चंद्राकडे पाहिलं, चंद्राने मृणालीकडे. समोर जाऊन तोंडावर सांगायचं म्हणजे जरा अवघडच होतं. शिवाय डाव रंगात आला होता. तेवढ्यात हेमाली येऊन बसली ती बसलीच, आणि थोड्या वेळाने निशाच्या कानाशी लागली, "चंद्रा रडीचा डाव खेळते."

"मला काय सांगतेस," निशा सागरगोटे उडवत म्हणाली, "तिलाच सांग."