फ्रीझरमधला झरा

फ्रीझरमध्ये अकरा बाटल्या होत्या: सहा झऱ्याच्या, चार समुद्राच्या, एक डिस्टिल्ड पाण्याची. बारावी, समुद्राचीच, ओट्यावर उघडी होती आणि तिच्यातलं पाणी दोन बोटं कमी झालं होतं. झऱ्याच्या सहा पूर्ण गोठल्या होत्या, समुद्राच्या चार निम्म्याच. सकाळी मी त्या सगळ्या खालच्या कप्प्यात, चार अंशांवर ठेवून बाहेर पडले होते.

"आत्या, बाटल्या वर कुणी ठिवल्या?"

"म्या," गोजरबाई आत्या म्हणाली. "बाहेर बेचाळीस डिग्री. कुणी आलं-गेलं तर गार पाणी नको? खालच्या कप्प्यात कधी गार व्हतं व्हय?"

मुकुंदवाडीतल्या या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. इथं भरलेली बाटली म्हणजे पिण्याचं पाणी. तिच्यावर चिठ्ठी असली काय आणि नसली काय.

आत्याचा मुलगा आकाश रिक्षा लावून जेवायला आला होता. ओट्यावरची बाटली त्यानंच तोंडाला लावली होती.

"लई खारट. मला वाटलं तुझं जुलाबाचं औषध हाय."

"समुद्र होता तो."

"मंग सांगून ठिवायचं ना दीपे. आख्खा पिलो असतो तर?"

बाटल्या मी रायगडच्या किनाऱ्यावरून आणल्या होत्या. मे महिन्यात तिथला ओढा कोरडा असतो. तरीही मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांमध्ये एक पट्टा हिरवागार राहतो. शेवाळ दाट, शिंपले जास्त, लहान मासे तिथंच घुटमळणारे. मी अनवाणी चालत गेले. आमच्या गावच्या, पाचोडच्या विहिरीत उतरून गाळ काढलेल्या माणसाला झरा डोळ्यांआधी तळपायाला कळतो. त्या पट्ट्यात वाळू गार लागली. मीटर लावला तर खारेपणा समुद्राच्या एक चतुर्थांश होता. जमिनीखालून गोडं पाणी येऊन समुद्राच्या तळातून वर येत होतं आणि खडकातून विरघळलेलं बरंच काही सोबत आणत होतं. नद्या आटतात तेव्हाही किनाऱ्याला खालून अन्न मिळत असतं. मला पीएचडीसाठी हाच विषय हवा होता.

आमचे विभागप्रमुख इंद्रजीत सर याला तयार नव्हते. "मराठवाड्याला समुद्र नाही, जायकवाडीचं धरण घ्या," हे त्यांचं पहिलं म्हणणं. दुसरं जास्त अवघड होतं: "झरा कशावरून? गावाचं सांडपाणी असेल. त्यावरही शेवाळ माजतं." मी म्हटलं, सिलिकेट मोजू. ते दगडातून येतं, खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यात भरपूर असतं. सांडपाण्यात तेवढं सापडत नाही. सरांनी आकडा ठरवला: साडेतीनशे मायक्रोमोलच्या वर असेल तर सोमवारच्या बैठकीत विषय मंजूर, नसेल तर जायकवाडी.

आणि सिलिकेटचे नमुने गोठवायचे नसतात. ते भरपूर असेल तर गोठताना त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात. मोजताना आपण घालतो ते रसायन सुट्या रेणूंना रंग देतं, साखळ्यांना नाही. पाणी वितळलं तरी साखळ्या तुटायला एखादा दिवस लागतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी घडलेलं सगळं सरांना सांगितलं. बाटल्या नुकत्या वितळल्या होत्या.

"मोजा तरी," ते म्हणाले.

मोजलं. झऱ्याच्या सहा बाटल्यांची सरासरी २१४ आली.

"एवढं तर आपल्या खाम नदीच्या नाल्यातही मिळेल." सर हसले. "बाई, आत्याच्या फ्रीजवर पीएचडी होत नसते. जायकवाडी तुमच्या घरापासून तासाभरावर. समुद्राचा हट्ट कशाला तुम्हाला?"

'तुम्हाला' या शब्दावर त्यांनी किती जोर दिला ते मी मोजू शकले नाही. आमच्या घराण्यात कोण कुठल्या पाण्याला हात लावणार, हे आजोबांच्या वेळेपर्यंत दुसरेच ठरवत होते.

"हट्ट नाही सर. तिथं जाऊन मोजलंय मी. उद्या याच बाटल्या परत मोजते."

"आणि उद्या तुम्हाला हवा तो आकडा येईल."

"म्हणून बाटल्या तुमच्याकडे ठेवा. चिठ्ठ्या काढून तुमचे नंबर टाका, कपाटाला कुलूप लावा. कुठल्या नंबरात काय आहे ते मला सांगू नका. बाटलीतूनच काही विरघळत असेल तर डिस्टिल्डमध्येही वाढेल."

"आणि नाही वाढलं झऱ्यात?"

"तर जायकवाडी. सोमवारी मीच उभी राहून सांगेन."

सरांनी ड्रॉवरमधून कात्री काढली. मग अकरा कोऱ्या पट्ट्या कापायला घेतल्या.

घरी आत्या दारातच थांबली होती. "माझ्यापायी गेलं का गं सगळं?"

"गेलं नाय. गोठलंय."

"म्या येऊन सांगते त्या सरला. म्हणावं, माझं डोकं फिरलं व्हतं."

"मग सर म्हणतील, झराही आत्यानंच बनवला."

आकाश भाकरी मोडत म्हणाला, "सोपं घे ना. जायकवाडी काय वाईट हाय? माझ्या रिक्षानं रोज सोडतो."

"वाईट नाय. पण तिथं मला कुणी नको म्हणलं नाय, म्हणून तिथं जायचं का?"

आत्यानं त्याच्या ताटात मिरचीचा ठेचा जरा जास्तच वाढला. "खा गुमान. ती बघंल तिचं."

शनिवारी सर माझ्याआधी येऊन बसले होते. कुलूप त्यांनीच काढलं. बाटल्यांवर त्यांच्या अक्षरात एक ते अकरा नंबर होते, क्रम पूर्ण उलटापालटा. मी प्रत्येक नंबरातून तीन-तीन नमुने घेतले, रसायन घातलं, निळा रंग स्थिर होईपर्यंत थांबले. आकडे मी मोठ्यानं वाचत होते, सर लिहून घेत होते. पाचव्या नंबरला त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि स्वतः रंग मोजणाऱ्या यंत्रात ठेवली. त्यापुढचे सगळे नमुने त्यांनीच ठेवले.

शेवटचा आकडा झाल्यावर त्यांनी खिशातून स्वतःची चिठ्ठी काढली, नंबरांपुढे नावं लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

सिलिकेट, मायक्रोमोल प्रति लिटर. डिस्टिल्ड: शुक्रवारी ०.४, शनिवारी ०.४. समुद्र, चार बाटल्यांची सरासरी: शुक्रवारी ११, शनिवारी ११. झरा, सहा बाटल्यांची सरासरी: शुक्रवारी २१४, शनिवारी ३९६.