मुळासकट मान्सानिया

आमच्या गच्चीवर एकच कोपरा असा आहे, जिथे सकाळपासून ऊन येतं आणि पाण्याच्या काळ्या टाकीमुळे वाराही लागत नाही. तो कोपरा माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत नाबोरमामा सारखा म्हणणार आहे की तो त्याच्या कबुतरांचा आहे.

नाबोरमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न नाही, कसली घाई नाही, कबुतरं मात्र ढीगभर. त्याला तिथे नवी ढाबळ ठेवायची होती, आणि मी तिथे मिरच्यांच्या लोणच्याच्या रिकाम्या डब्यांत मान्सानिया लावली होती. मान्सानिया म्हणजे कॅमोमाइल. मेक्सिकोतल्या आमच्या चोलुलात पोट दुखू दे, डोळे येऊ देत, कुणाचा प्रियकर पळून जाऊ दे, समोर कप येतो तो याच फुलांच्या चहाचा.

"बाजारात जुड्यांवर जुड्या पडल्यात," मामा म्हणाला, "त्यासाठी गच्ची अडवायची?"

"कबुतरंही चौकात फुकट बघायला मिळतात, मामा."

मागच्या वर्षी मी हे वाक्य जिन्यात, भिंतीला ऐकवलं असतं. यंदा भर जेवणात, सगळ्यांसमोर बोलले! आईच्या हातातली तोर्तिया, आमची मक्याची पोळी, तव्यावर पडायची ती हवेतच थांबली.

"भांडू नका," आई म्हणाली. "इत्सेल, उत्सवाच्या रविवारी जेवणानंतर सगळ्यांना तुझ्या फुलांचा चहा पाज. मामा स्वतःच्या तोंडाने 'चांगला आहे' म्हणाला, तर कोपरा तुझा. नाहीतर कबुतरांचा."

"ताई, मी कॉफीशिवाय काही पीत नाही," मामा खूश होऊन म्हणाला.

"मग हिला मेहनत करू दे की."

मी केली. जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं होतं: पाकळ्या मागे झुकल्या की फक्त फुलाचं डोकं खुडायचं, झाड तसंच राहू द्यायचं. ते पुन्हा फुलतं. रोज शाळेतून आले की दप्तर जिन्यात आणि मी गच्चीवर. हळूहळू पाकळ्या झुकायला लागल्या. डब्यांवर नाक नेलं की पिकल्या सफरचंदाचा वास यायचा. रविवारी सकाळी ताजी फुलं खुडायची, असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी बाजारातून परतले तर डब्यांत नुसते खड्डे! शेजारी बादली, आणि बादलीजवळ कोपरापर्यंत ओली झालेली चोलेमावशी, आईची थोरली बहीण, चेहऱ्यावर अगदी विजयी हसू.

"तुझं पीक काढून दिलं गं! मुळंसुद्धा धुतली."

बादलीत माझी सगळी झाडं जुड्या बांधून उभी होती, मुळासकट, अगदी बाजारात मांडतात तशी.

"मावशी! फक्त फुलं खुडायची असतात!"

"कुणी सांगितलं? जन्मात मुळांशिवाय मान्सानिया पाहिली नाही मी. मुळं नसली तर बाजारात बायका म्हणतात, कालची आहे, घेऊ नकोस."

तिचं तरी काय चुकलं? पण मला रडूच यायला लागलं, आणि तेवढ्यात जिन्यातून मामा ढाबळ ढकलत वर आला.

"कोपरा रिकामा झाला म्हणे?"

रडू जागच्या जागी आटलं. "रविवार उद्या आहे, मामा. बादलीला हात लावू नकोस."

त्याने ढाबळ कोपऱ्यात ठेवलीच. कबुतरांनी माझ्याकडे घरमालकिणीसारखं पाहिलं. मी त्यांच्या नाकासमोर जुड्यांवरची फुलं खुडली. जी फार पिकून भुगा होत होती, त्यांचं बी पुन्हा डब्यांत चोळलं आणि पाणी शिंपडलं.

रविवारी सकाळपासून फटाके, बँड आणि आईचा टर्कीचा मोले, मिरच्या-चॉकलेटचा दाट रस्सा. मामाने तो तीन ताटं खाल्ला आणि चौथ्या ताटाचा रस्सा तोर्तियाने पुसून काढला. मग मी चहा आणला. कप पिवळेधमक! सगळ्यांनी घेतला. मामाने आपला कप बोटाने दूर सारला.

"मला कॉफी."

कॉफी आली. एका घोटात मामाचा चेहरा पडला. त्याने पट्टा सैल केला. मग आणखी सैल केला.

"काय रे, दुखतंय?" आईने विचारलं.

"छे!" त्याच्या कपाळावर घाम होता.

मी चहाचा कप हळूच त्याच्यापुढे सरकवला. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि उचलला. एक घोट, दुसरा घोट, मग अख्खा कप. आणि मग असा ढेकर दिला, की बाहेरचा बँड क्षणभर चुकला असणार.

"हे झालं उत्तर!" चोलेमावशी टाळ्या पिटत म्हणाली.

"तोंडाने म्हणायचं ठरलंय," मी म्हणाले.

"तोंडातूनच आलं की ते!" मामा म्हणाला आणि त्याने कप पुढे केला. "आणखी ओत."

मी किटली छातीशी धरली. "आधी शब्द."

"चांगला आहे," मामा कपात पुटपुटला.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही!"

"चांगला आहे गं बाई, चांगला आहे! ओत आता!"

मी ओतला, काठोकाठ.

"पण त्या डब्यांत आता आहे काय?" कप संपवून त्याने शेवटचा डाव टाकला. "माती!"

"बी आहे. आणि उन्हाच्या आड तुझी ढाबळ आहे."

आईने नुसतं जिन्याकडे बोट दाखवलं. मामा एका हाताने पोट धरून वर चढला. ढाबळीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं चोलेमावशीने उचललं, आणि ती करकरत सावलीत गेली. कबुतरं इतकी चिडली की बोलायची सोय नाही.

"मावशी, या वेळी फुलं आली की काय करायचं?" मी विचारलं.

"डोकी खुडायची. कळलं, कळलं." मग डब्यावर वाकून ती हळूच म्हणाली, "पण इत्सेल, मुळांशिवाय त्याची जुडी बांधायची तरी कशी गं?"