शून्य अक्षरं

संस्थेला आमच्या भागातली सगळ्यात कच्ची शाळा हवी होती, आणि ती आमचीच आहे हे दाखवायला मी नऊ हुशार पोरांना मठ्ठ बनवलं. घ्या, आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की एनेफा बाईंनी मूळ गोष्ट दडवून ठेवली.

चिल्वा तळ्याच्या काठची आमची शाळा. चौथीत माझ्याकडे एकशे बेचाळीस मुलं आणि पुस्तकं अकरा. वर्गाचं छप्पर वादळात गेलं तेव्हापासून आम्ही काचेरेच्या झाडाखाली बसायचो. संस्था पुस्तकं देणार होती, छप्पर घालणार होती, मागे पडलेल्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं ते आम्हा मास्तरांना दाखवणार होती. पण शाळा एकच घेणार होती. नदीपलीकडची किंवा आमची. जिथली चौथीची मुलं वाचनात जास्त मागे, ती शाळा.

हेडमास्तर मटेवेरे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बाई, तुमची ती नऊ वाचणारी पोरं आपला घात करणार."

"मग काय करू, त्यांना विसर पडायचा पाला खाऊ घालू?"

"ते तुम्ही बघा. मी काही ऐकलेलं नाही." असे आमचे हेडमास्तर. विस्तव नेहमी दुसऱ्याच्या हाताने उचलणार.

मी नऊ जणांना विहिरीमागे नेलं आणि बजावलं, "परीक्षेला संस्थेच्या माणसाने अक्षरांचं कार्ड दाखवलं की पायाच्या अंगठ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, येत नाही. बास."

आठ जणांना गंमत वाटली. नववी असियातू. दहा वर्षांची, काटकुळी, सगळ्यांत चांगली वाचणारी.

"बाई, पण मला येतं की."

"येतं ते पोटात ठेव. तुझ्यामुळे बाकीच्यांचं छप्पर जायला हवंय का?"

"आणि घरी विचारलं तर?"

"घरी नाही, दारी नाही, कुणाला नाही. घे आईची शपथ."

तिने घेतली. आमच्याकडे आईची शपथ मोडत नाहीत. मोडली तर आई जाते असं लहान मुलांना खरंच वाटतं, आणि ते मला माहीत होतं.

संस्था आम्हाला मिळाली. आता खोटं का बोलू, चार वर्षांत सोनं झालं. ज्यांना स्वतःचं नाव गिरवता येत नव्हतं ती पोरं बाजारात बसून बापाला औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवायला लागली. वाटायचं, पाप असेल तर असो, पण असं पाप दर वर्षी करावं.

मग संस्थेचा निरोपाचा कार्यक्रम ठरला. संस्थेचा माणूस विटुंबिको, उत्तरेकडचा, चांगला पोरगा, मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "बाई, ज्या मुलीची सगळ्यात जास्त प्रगती, तिला निवासी माध्यमिक शाळेची चार वर्षांची फी. संस्थेला पैसे देणारे परदेशी पाहुणे स्वतःच्या हाताने पत्र देणार. तुमची असियातू! कागदावर शून्य अक्षरं होती, आणि आज आठवीत जिल्ह्यात वरच्या पाचांत. तिने फक्त पाहुण्यांसमोर चार वाक्यं बोलायची, की मला एक अक्षर येत नव्हतं आणि आता बघा."

मला ती शपथ आठवली. तरी म्हटलं, पोरीचं भलं होतंय. तिचा बाप ब्वानाली पटकीच्या साथीत गेलेला, आई तळ्यावर मासळी वाळवायची. फी मिळाली नाही तर असियातूही तिथेच आईशेजारी बसणार, ही काळ्या दगडावरची रेघ होती.

तिला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "मी नाही बोलणार."

"अगं, चार वाक्यं!"

"मला अक्षरं येत नव्हती असं मी बोलणार नाही, बाई. माझ्या बाबांनी शिकवली होती. शाळेत यायच्या आधीच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ब्वानाली पेंटर होता. होड्यांवर नावं, दुकानांवर पाट्या, सगळ्या बाजारातली अक्षरं त्याच्या हातची. आणि संस्थेची पद्धत अशी, की निकाल लपवायचा नाही. गाव गोळा करून एकेका मुलाचं नाव आणि त्याला काय येतं ते मोठ्याने वाचायचं. मी त्या सभेत होते. 'असियातू ब्वानाली, शून्य अक्षरं' हे मीही ऐकलं होतं. ऐकून मी काय केलं? छपराचे पत्रे किती लागतील त्याचा विचार केला.

"लोक हसले," असियातू म्हणाली. "इसा न्हावी म्हणाला, काय रे ब्वानाली, तुला तरी अक्षरं येतात, का नुसती चित्रं काढतोस? बाबा घरी आले. मला म्हणाले, बाळा, तुला येतं ना? मग का सांगितलं नाहीस? रागावलेसुद्धा नाहीत. मी अंगठ्याकडे बघत बसले. तुम्ही आईची शपथ घातली होती. पुढच्या चार महिन्यांत त्यांना दोनच पाट्या मिळाल्या. मग ते गेले. त्यांना वाटलं असेल, मला त्यांची लाज वाटली म्हणून मी नाही वाचलं."

मी पन्नाशीची बाई, तोंडाची फाटकी. गावात माझ्याशी भांडायला बाप्ये कचरतात. पण त्या दिवशी मीच माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी तिचा मामा इमेदी माझ्या अंगणात हजर. आमच्यात बहिणीच्या मुलांचं मामा ठरवतो, बापापेक्षा त्याचा शब्द मोठा.

"एनेफाताई, पोरगी हट्टाला पेटलीय. म्हणते, बोलले तर खरंच बोलेन. खरं बोलली तर काय होईल?"

"कागद खोटा ठरेल. फी जाईल. कदाचित माझी नोकरीपण."

"तुमची नोकरी गेली तर मला झोप येईल," तो शांतपणे म्हणाला. "तिची फी गेली तर येणार नाही. तुम्ही घातलेला गोंधळ आहे, तुम्हीच निस्तरा."

"तुम्ही मामा आहात, दटावा ना तिला!"

"दटावलं. ती म्हणाली, मामा, बाबांच्या वेळी तुम्हीपण हसला होतात." त्याने मान खाली घातली आणि सायकल काढून निघून गेला.

मला एक सोपी वाट होती. विटुंबिकोला जाऊन सांगायचं, की दोष माझा, पोरीचा नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जायला दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले. छप्पर गेलं तर, नाव गेलं तर, नदीपलीकडचे हसले तर. शंभर कारणं शोधली. खरं एकच होतं. मी भित्री आहे.

कार्यक्रमाला अख्खं गाव लोटलं. बायकांनी कमरेला नव्या छापील चितेंजे गुंडाळल्या होत्या, पोरांनी नाच बसवला होता. चार गोरे पाहुणे पहिल्या रांगेत घाम पुसत होते. विटुंबिको कॅमेरा धरून होता, म्हणून मला म्हणाला, "बाई, असियातू आपल्या भाषेत बोलेल, तुम्ही पाहुण्यांना इंग्रजीत सांगा."

असियातू उठली. कागद नाही, काही नाही. माइक धरला आणि पाहुण्यांकडे पाठ होईल अशी गावाकडे वळून उभी राहिली.

"मी असियातू, ब्वानाली पेंटरची मुलगी," ती म्हणाली. "चौथीत मला वाचता येत होतं. सगळं येत होतं. माझ्या बाबांनी शिकवलं होतं. शाळेला संस्था मिळावी म्हणून आम्हाला 'येत नाही' म्हणायला सांगितलं होतं. मी शपथ घेतली होती म्हणून बाबांनाही बोलले नाही. तुम्ही त्यांना हसलात. ते चांगले पेंटर होते आणि चांगले मास्तर होते."

आधी इसा न्हावी खाली बघायला लागला, मग त्याच्या मागची रांग. विटुंबिकोने कॅमेरा खाली घेतला. त्याला शब्द न् शब्द कळला होता. तो माझ्याकडे बघत होता. पाहुणे हसरे चेहरे करून माझ्याकडे बघत होते. असियातूसुद्धा वळून माझ्याकडे बघत होती.

आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, चौथीत मला एकही अक्षर येत नव्हतं. या संस्थेने मला वाचायला शिकवलं. माझे वडील आज असते तर त्यांना अभिमान वाटला असता."

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी डोळे पुसले. मग टाळ्या. आधी पाहुण्यांच्या, मग मटेवेरेंच्या, मग विटुंबिकोच्या, मग हळूहळू सगळ्या गावाच्या. शेवटी मामानेही वाजवल्या. तिथे बसलेल्या पाचशे माणसांत खरं काय ते चौघांनाच ठाऊक नव्हतं, आणि त्या चौघांना सांगायला कुणीही उठलं नाही. असियातूला पत्र मिळालं.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर मी तिला गाठलं. "तुला इंग्रजी कळतं. मी काय बोलले ते कळलं ना?"

"कळलं."

"मग अडवलं का नाहीस?"

"पाहुणे कुठे हसले होते बाबांना? ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालं."

माझा जीव भांड्यात पडला, अल्लाशपथ. म्हटलं, चला, तिचं मन मोकळं झालं, फीही मिळाली, सगळं निभावलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती एक पाऊल मागे सरकली.

"बाई, तुम्ही आता तरी खरं सांगाल असं मला वाटलं होतं. फी गेली असती तर मी मासळी वाळवली असती. तेव्हा बाबांचं शिकवणं तुम्ही माझ्या तोंडून पुसलंत. आज तुमच्या तोंडून पुसलंत. पण मलाही फी हवी होती, म्हणून मी गप्प बसले. म्हणजे आता मीपण तुमच्यासारखीच झाले."

"असं नको गं बोलू, बाळा."

"बाळा बाबा म्हणायचे," ती म्हणाली आणि आईकडे निघून गेली.

सप्टेंबरात ती शाळेला निघाली तेव्हा आम्ही सगळे मिनीबसपाशी गेलो. आमच्याकडे मुली थोरांना गुडघे टेकून, 'येते' म्हणून निरोप देतात. तिने आईला दिला, मामाला दिला, मटेवेरेंना दिला. इसा न्हाव्यालासुद्धा दिला, आणि तो म्हातारा तिथेच रडला. मग माझ्यासमोर आली, मातीत दोन्ही गुडघे टेकले, रीतीप्रमाणे हात जोडून टाळी वाजवली, आणि एकही शब्द न बोलता उठून गाडीत बसली.