एकतीस कैलास

"बाई, माह्या पोराले काय झालं?"

प्रयागबाईनं घामानं ओलं झालेलं पत्र वच्छलाच्या टेबलावर ठेवलं. कामठीहून पहिल्या बसनं ती आली होती. "मास्तरनं वाचून सांगतलं, कैलास गेला म्हनून. तो तं बल्लारपूरले खाणीत हाये. मंगळवारीच त्याची चिठ्ठी आली."

पत्र वच्छलाच्याच मशीनमधून निघालेलं होतं. 'मयत कामगार आस हेडाऊ यांच्या वारसांनी कागद घेऊन यावे.' बिल्ला नंबर कैलास हेडाऊचा. नाव मात्र पुढून खाल्लेलं.



खाण कंपनीच्या या ऑफिसात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. गेल्या आठवड्यात मनोहररावसाहेबांनी तिला काम दिलं होतं. इंग्रजी अक्षरांतल्या यादीत काही नावांपुढे 'कै.' होतं, ते काढून शेजारच्या रकान्यात 'मयत' टाकायचं. नावं नऊ हजार. तिनं एका ओळीचा नियम लिहिला, 'के, ए, आय, टिंब', आणि काम चार मिनिटांत संपलं. पण मशीनच्या नियमात टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. कैलासमधला 'एल' त्यात बसला. चार अक्षरं पुसली गेली, आणि माणूस मयत झाला.

तिनं यादी उघडली. असे कैलास एकतीस. पत्रं सगळ्यांना गेलेली.

तिनं खाणीला ट्रंककॉल लावला. पाऊण तासानं लागला. कैलासला बोलावून आणेपर्यंत प्रयागबाई भिंतीला टेकून उभीच होती. रिसीव्हर कानाशी धरून तिनं त्याचा आवाज ऐकला. मग म्हणाली, "जेवला का गा?"

मनोहरराव हळूच म्हणाले, "मशीन बिघडलं होतं म्हणून सांगून द्या."

"मशीननं मी लिहिलं तेच केलं, साहेब," वच्छला म्हणाली. "तीस घरं राहिली. बाहेरगावी तारा करा. इथल्या घरी मी स्वतः जाते."

आधी ती प्रयागबाईबरोबर कामठीला गेली. अंगणात बाया बसल्या होत्या. प्रयागबाईनं दारातूनच सुनेला सांगितलं, "जिवंत हाये वं. मी बोलली त्याच्याशी."

वच्छलानं हात जोडले. "चूक माझी आहे. माझ्या हातून झालं."

सून उठून आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं चहाची कपबशी पुढे केली. दोन्ही मनगटं मोकळी होती, आणि एकावर काचेचा ओरखडा, अजून ओला.

"घ्या, बाई," ती म्हणाली. "उन्हाच्या आल्या."