ओला दांडा

"काय तोडाचं हाय?" प्रेमदास मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

ते आमच्या गावचे सुतार. आष्टीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांची छपरी होती, आणि कुऱ्हाडीला दांडा बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ठरलेला असायचा. त्यात आगाऊपणा नव्हता. काटेरी झुडपं तोडायची तर दांडा लांब, सरपण फोडायचं तर जाड, अशी त्यांची रीत होती. माणूस उत्तर द्यायचा आणि मग ते लाकूड निवडायचे.

माझ्याजवळ सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. मला बबनकाकांना तोडायचं होतं.

बबनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या आणि आमच्या वावरामध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. त्या मे महिन्यात त्यांनी ट्रॅक्टर घालून तो आमच्या बाजूनं तासला. मी विचारायला गेलो तर चार लोकांत म्हणाले, बाप गेल्यावर तुला आता शेती कळायला लागली का? वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी चोवीस वर्षांचा होतो. अक्कल दारात येऊन उभी राहिली असती तरी आत घेतली नसती, असं ते वय.

"लाकडं तोडाची हायेत," मी म्हणालो.

"कायची लाकडं?"

"बसवून द्या नं दांडा. काऊन इतकं विचारून राह्यले?"

तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ते उठून मागच्या अंगणात गेले, धावड्याचं एक लाकूड घेऊन आले, वाकसानं तासलं, कुऱ्हाडीत ठोकून बसवलं आणि वरून पाचर मारली. मी हलवून पाहिलं. दांडा गच्च बसला होता.

बबनकाका लेकीकडे जाम गावाला गेले होते, चार दिवसांनी परतणार होते. तोवर मी कुऱ्हाड अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवली. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे दुपारी कावळासुद्धा झाडाखालून हलत नाही. पाचव्या दिवशी सकाळी काकांचा ट्रॅक्टर वावराकडे जाताना दिसला. मी कुऱ्हाड उचलून खांद्यावर टाकली, तर पातं निसटून मागच्या दगडावर पडलं आणि माझ्या हातात नुसता दांडा उरला.

जीव घ्यायला निघालेल्या माणसाची याहून मोठी फजिती कोणती? रागाला मग दुसरं घर सापडलं. एका हातात पातं, दुसऱ्यात दांडा, असा मी मिस्त्रींच्या छपरीत जाऊन उभा राहिलो. आठ-दहा लोक बसलेले होते. तोंडाला येईल ते बोललो. चाळीस वर्षं सुतारकी केली आणि लाकूड ओलं की वाळलेलं एवढं कळत नाही? ओला दांडा उन्हात आकसतो आणि ढिला पडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मिस्त्रींनी दांडा हातात फिरवून पाहिला.

"ओला लागला," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. या माणसाचा दांडा निघाल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनी पातं ठेवून घेतलं, वाळलेलं लाकूड नाही म्हणाले आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

त्या पंधरा दिवसांत मोजणीवाले येऊन खुणा रोवून गेले. सगळा तंटा वीतभर जमिनीचा निघाला. एका संध्याकाळी बबनकाका आमच्या ओसरीवर येऊन बसले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि वडिलांवरून बोललेलं मागे घेतलं. माझा राग कधी उतरला ते माझं मलाच कळलं नाही. पातं मागायला मी पुन्हा गेलो नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, आपल्या दांड्याला तेवढंही जमलं नाही, असं मी पुढे मनातल्या मनात हसायचो.

मिस्त्रींचं नाव मात्र गेलं. गावात काही बिनकामाचं निघालं की लोक म्हणायचे, प्रेमदासचा ओला दांडा. तयार दांडे आष्टीच्या बाजारातून यायला लागले. मिस्त्रींकडे खाटेचे पाय आणि दारांच्या चौकटी तेवढ्या उरल्या. ते कधी काही बोलले नाहीत. आणि सांगायला लाज वाटते, हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असायचो.

नऊ वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, मिस्त्री वारले. तेरवीच्या सकाळी त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी, मोठी भांडी काढायला मला माळ्यावर चढवलं. चुलीच्या बरोबर वर अकरा दांडे ओळीनं मांडलेले होते, धुरानं काळे पडलेले, खणखणीत वाळलेले. शेजारी माझं पातं होतं, तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. हे दांडे कधीचे, मी विचारलं. तुझ्या कुऱ्हाडीच्या आधीचे, त्या म्हणाल्या.

"मंग मले ओला काऊन टाकला?"

"मीबी हेच म्हणलं त्यायले. तं म्हणे, पोरगा काय तोडाचं ते सांगून नाई राह्यला." सीताबाई खालून माझ्याकडे पाहत होत्या. "म्या म्हणलं, लोकं हसतीन. म्हणे, हसतीन दोन दिवस."

ज्या एका गोष्टीवर या माणसाची मान ताठ होती, ती त्यानं गुपचूप माझ्या कुऱ्हाडीत ठोकून दिली होती. खरं सांगितलं असतं तर त्याचं नाव परत आलं असतं आणि माझं गेलं असतं. म्हणून नऊ वर्षं तो गप्प राहिला, आणि रस्त्यात भेटलो की 'बरा हाय नं?' असं मलाच विचारत राहिला. एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहणार नाही.

दुपारी पंगत बसली. कोणीतरी म्हणालं, माणूस सोन्यासारखा होता, दांडा तेवढा ओला टाकायचा. लोक हसले, प्रेमानंच हसले. बबनकाका माझ्या समोरच्या ओळीत होते. सीताबाई दारात उभ्या होत्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोललो नसतो तर त्याही बोलल्या नसत्या.

मी उठलो.

"तो दांडा मिस्त्रीनं जाणूनच ओला टाकलता," मी म्हणालो. "घरात अकरा वाळले दांडे होते. मी ते कुऱ्हाड बबनकाकाले मारासाठी नेलती."

वाढणाऱ्याचा हात थांबला. बबनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. तेरवीचं पान अर्धवट सोडायचं नाही म्हणून ते शेवटच्या घासापर्यंत जेवले. मग काकांनी हात धुतले आणि दाराशी गेले.

"वहिनी, त्यातला एक दांडा मले द्या."

सीताबाईंच्या तोंडून त्या घराचा जुना प्रश्न आपसूक निघून गेला.

"काय तोडाचं हाय?"

"काईच नाई," काका म्हणाले. "घरी ठेवाचा हाय."

मीच माळ्यावर चढून दांडा काढून आणला. काकांनी तो उपरण्यानं पुसला, खांद्यावर घेतला आणि मला चल म्हणून खूण केली. आमची घरं एकाच वाटेवर आहेत. ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही चाललो. त्यांच्या खांद्यावर नुसता दांडा होता.