न तापवलेल्या दुधाची नदी

पहाट झाली. परीराज्यात होते तशी झाली. केशरी, गुलाबी, जांभळी, जरतारी. रंग एवढे सांडले, एवढे सांडले, की पुसायला कुणी उरलं नाही. सूर्य वर आला तो कच्च्या अंड्यातल्या बलकासारखा, थुलथुलीत, ओघळता. त्याचे किरण जिथे पडले तिथे सगळं चमचम चमकायला लागलं.

चमकायला लागलं आणि वास यायला लागला.

शी!

हे ते परीराज्य. हजार वर्षं लोक त्याच्या गोष्टी सांगत आले. दुधाची नदी सांगितली, मधाचा डोंगर सांगितला, मोती चरणारे हंस सांगितले. सांगितलं सगळ्यांनी, झाडलं कुणीच नाही. दूध वाहतं म्हणे. वाहू दे की. पण तापवतं कोण?

त्या क्षीरशुभ्र, फेनधवल, चंद्रशीतल नदीच्या काठावर दोन भावंडं नाक दाबून उभी होती. थोरली अनशी, बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, गावातल्या सगळ्या पोरींत नखं स्वच्छ असलेली एकमेव. धाकटा धोंडू, आठ वर्षांचा, नाकातून सदा एक थेंब लोंबणारा. थेंब पडेपडेपर्यंत यायचा आणि सुर्रकन परत जायचा.

"अक्का," नाक दाबूनच तो म्हणाला, "आपण परत जाऊ या का गं?"

"आणि आईला काय सांगू? वास आला म्हणून आलो?"

धोंडूनं नाक ओढलं. थेंब परत गेला.

आई घरी होती. अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून. एकवीस दिवसांमागे तिला अन्नाची किळस आली. कशानं आली, कुणाला कळलं नाही. आली आणि बसली. भात पुढे ठेवला की तिला त्यात अळ्या वळवळताना दिसायच्या. भाकरीला चामड्याचा वास. वरण म्हणजे डबकं. ताटाकडे बघायची, तोंडावर पदर घ्यायची, ओकारी यायची, आणि ओकायला पोटात काही नसायचं. केवड्याच्या पानासारखी होती. वाळून शेवग्याच्या शेंगेसारखी झाली.

वैदूनं नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "मधाच्या डोंगरावर एक झाड आहे. वर्षाला एक फळ. त्यातला एक घास, एकच, हिच्या गळ्याखाली उतरला तर किळस जाईल. पण पुनवेचा चंद्र उगवायच्या आत. नंतर नको."

गावाबाहेरच्या बारवेत डोळे मिटून उतरलं की तिसऱ्या पायरीनंतर परीराज्य लागतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जात मात्र कुणी नसे. का जात नसे, ते दोघांना आता नाकापर्यंत कळलं होतं.

काठाला चांदीची नाव होती. हंसमुखी, रत्नखचित, नक्षीदार. सायीत रुतून बसलेली. साय हातभर जाड, पिवळट, वर बुरशीची हिरवी रांगोळी. नावेत म्हातारा नावाडी दाढीतले दुधाचे खडे फोडत बसला होता.

"बाबा, पलीकडे सोडता का?" अनशी म्हणाली. "पण हे दूध नासलंय हो."

"नासलंय?" म्हाताऱ्याला राग आला. "पोरी, तोंड सांभाळ. दही लागतंय."

"कधीपासून लागतंय?"

"माझ्या आज्याच्या वेळेपासून. घाई कशाची?"

दोघांनी सायीला लाथा घालून नाव मोकळी केली. नाव निघाली, डचमळली, डुलली. खाली दह्याच्या कवड्या फुटत होत्या, बुडबुडे उठत होते, प्रत्येक बुडबुडा फुटताना जुन्या गोठ्याचा उसासा टाकत होता. मध्यावर धोंडूला शिंक आली. एवढी मोठी आली, की शिंकेसकट तो नदीत गेला.

वेणीला धरून त्याला वर यावं लागलं. अनशीची वेणी. वर आला तो कानात चोथा, खिशात चोथा, आणि सदऱ्यातून आंबूस पाण्याच्या धारा.

"कसं लागलं?" नावाड्यानं आशेनं विचारलं.

धोंडू त्याच्याच नावेत ओकला.

पलीकडे हंसांचं कुरण. शुभ्र हंस, ग्रीवा वळवणारे, पंख पसरणारे, मंद मंद चालणारे. दवानं भिजलेल्या हिरवळीवर मोती विखुरलेले, आणि हंस ते टिपत होते, टिपत होते, दिवसभर टिपत होते. आता टिपलेलं कुठेतरी जाणारच. गोष्टी सांगणारे हंसाच्या चोचीपाशी थांबतात, पुढे त्याच्यामागे कुणी जात नाही.

भावंडांना मागून जावं लागलं. कुरण गुडघाभर होतं.

"अक्का, मोती!" धोंडूनं एक उचलला, सदऱ्याला पुसला, दुसरा उचलला, पुसला. "आईच्या नथीला होतील!"

"तो कुठून आलाय ते बघितलंस का?"

त्यानं हंसाकडे बघितलं. मोत्याकडे बघितलं. पुन्हा हंसाकडे. मग हळूच मोती खाली ठेवला आणि हात पुसला. पुसला तोही सदऱ्यालाच.

आणि मग डोंगर, दोन दिवस चढायचा. मधाचा डोंगर, सुवर्णपिंगट, मधुगंधी, उन्हात वितळणारा. एक पाऊल टाकावं तर दुसरं निघू नये. दुसरं काढावं तर चप्पल तिथेच राहावी. मुंग्यांच्या रांगा, माश्यांचे थवे, हजार वर्षांत चिकटलेले राजपुत्रांचे फेटे, कुणाची मिशी, कुणाचा नुसता जोडा. चढता चढता अनशीच्या वेण्यांचे दोन दोर झाले, दोरांना माश्या लागल्या. चढता चढता धोंडूच्या अंगावर पिसं चिकटली, मुंग्या चिकटल्या, एक सरडाही चिकटला. तो बिचारा शरमेनं रंग बदलत राहिला.

अनशी रडली. चढताना रडली, डोळे पुसताना रडली, कारण पुसलेले डोळे उघडेनात. पण थांबली नाही. पुनव उद्यावर आली होती.

माथ्यावर झाड होतं. एकच झाड, आणि झाडाला एकच फळ. आवळ्याहून थोडं मोठं, शेंदरी, कोवळं, पहाटेच्या पहिल्या हाकेसारखं. त्या सगळ्या चिकट, आंबट, कुजकट राज्यात तेवढीच एक गोष्ट धुतल्यासारखी होती. अनशीनं ते ओंजळीत घेतलं आणि श्वास घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास.

"अर्धं माझं," झाडामागून आवाज आला.

राक्षस होता. डोंगराएवढा, काळाकभिन्न, सुळ्यांचा. सुळ्यांच्या फटीत काय काय अडकलेलं होतं. "तोडणाऱ्याचं अर्धं, राखणाऱ्याचं अर्धं. इकडचा नियम आहे. द्या, मी कापतो." आणि त्यानं बोट पुढे केलं. बोटाला नख होतं. नखाखाली शेत पिकलं असतं.

"ह्या नखानं?" अनशी किंचाळली. "शी! आमच्या आईला स्वच्छ धुतलेल्या तांदळाचा भात चालत नाही हो!"

"मग कशानं कापायचं? सोन्याची सुरी आहे माझ्याकडे. पण ती वाकते."

अनशी त्याच्याशी भांडत होती, तेवढ्यात धोंडूनं ते केलं जे तो शाळेत रोज करायचा. पेरू असो, चिक्की असो, वाटून खायचं तर उष्टं होऊ नये म्हणून त्याचं शास्त्र ठरलेलं. फळ घेतलं, सदऱ्याच्या टोकात गुंडाळलं, आणि वरून कापडावर दात रोवून कट्टकन दोन तुकडे केले.

"घ्या," तो अभिमानानं म्हणाला. "चिमणीच्या दातांनी तोडलंय. उष्टं नाही."

अनशीनं सदरा बघितला.

राक्षसानंही बघितला. खाली वाकून, डोळे बारीक करून बघितला. तो नासका, तो हंसपुच्छपावन, तो मधुमक्षिकामंडित सदरा. सरडा अजून तिथेच होता.

राक्षसाच्या गळ्यात काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. "पोरा," तो खोल आवाजात म्हणाला, "मी माणसं खातो. कच्ची खातो. कधी कधी पागोट्यासकट खातो. पण हे..." त्यानं तोंडावर पंजा धरला. "न्या. दोन्ही न्या. आणि लवकर जा, मला गरगरतंय."

भावंडं पळाली. डोंगर घसरत, कुरण तुडवत, नदी नाक दाबून. वाटेभर अनशी भावाला शिव्या देत होती. "धोंड्या, दगडा! ते फळ तेवढं एक स्वच्छ होतं! तेवढं एकच!" आणि धुवायला त्या अख्ख्या राज्यात पाणी नव्हतं. दूध होतं, मध होता, तूप होतं. साधं पाणी मात्र गोष्टीत घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बारवेच्या पाण्यात तिनं ते सात वेळा धुतलं. केळीच्या कोवळ्या पानावर ठेवलं. पुनवेचा दिवस कलत होता. दोघं उंबरठ्यातून आत आली, आणि आईनं मान वळवली.

तिनं पान बघितलं. फळ बघितलं. तिचे ओठ थरथरले, आणि दोघांना वाटलं आता, आता. आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

"नको गं. वास येतोय."

अनशीनं पान खाली ठेवलं. सात वेळा धुतलं होतं. सात वेळा. धोंडूचा थेंब ओघळला तो परत गेलाच नाही, ओठांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून जमिनीवर.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. पोरांच्या पोटाच्या खळग्यांकडे बघत राहिली.

"जेवलात का रे?"

धोंडूनं नाही म्हणून मान हलवली.

"कधीपासून नाही?"

"तीन दिवस," धोंडूनं खरं सांगून टाकलं.

"आणि माझ्यापुढे फळ घेऊन बसताय? खा ते."

"आई, ते तुझं औषध आहे गं! एक घास खा. एकच."

"लेकरं उपाशी, आणि मी फळं खाऊ? आधी तुम्ही. नाहीतर मी बघायचीसुद्धा नाही."

कोपरावर उठली. तीन आठवड्यांत जी पाणी घ्यायला उठली नव्हती, ती उठली. एक फोड अनशीच्या तोंडात कोंबली, एक धोंडूच्या. अनशी रडत रडत गिळत होती. तोंडात अमृत होतं आणि ते विषासारखं कडू लागत होतं. धोंडूच्या फोडीत बी होती. त्यानं ती चघळली, चोखली, या गालातून त्या गालात फिरवली, आणि सगळी पोरं करतात तसं, अर्ध्या गरासकट, लाळेसकट, आईच्या पुढ्यात काढून ठेवली.

"झालं माझं."

"केवढा गर ठेवलायस! अन्न टाकतात का असं, मेल्या?" आई म्हणाली.

आणि म्हणता म्हणता, बारा वर्षांच्या सवयीनं, काही न बघता, काही न हुंगता, तिनं ती दातांचे व्रण असलेली, लाळेनं माखलेली, कोमट बी उचलून तोंडात टाकली.

कुणी हललं नाही. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं, पिवळं, साधं, कसलाही वास नसलेलं. त्या उन्हात आईचा जबडा हलत होता. हळू, मग नेटानं, मग भुकेनं. वाळलेल्या गळ्यावर एक उंचवटा वर आला, क्षणभर थांबला, आणि खाली उतरला. उतरला, उतरत राहिला, दोन भावंडांच्या रोखलेल्या श्वासांमधून खोल खोल उतरत राहिला.