ओढ्याच्या वळणावर

मित्रांनो, दांड्यावरचा रंग उडालेली मी एक जुनी सायकल आहे. केजच्या दुकानात माझी जोडणी झाली आणि नांदूरघाटजवळच्या वाडीतल्या आश्रुबांनी मला घरी आणले. माझ्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून ते रोज सकाळी दूध सोसायटीच्या डेअरीत पोचवायचे. "आश्रुबाची सायकल आली, सात वाजले," असे लोक म्हणत. मला फार अभिमान वाटे.

मग दुष्काळ पडला. जनावरे चारा छावणीत गेली, आम्ही तिथून दूध नेऊ लागलो. अरुंद रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याने, भरलेले ट्रॅक्टर धावू लागले. डांबराची कड तुटून वीतभर खाली गेली होती. मोठे वाहन दिसले की आश्रुबा उतरून मला बाजूला घेत.

एके दिवशी छावणीतच उशीर झाला. ओढ्याच्या वळणावर समोरून टँकर आला, मागून ट्रॅक्टर. "निघून जाऊ," आश्रुबा पुटपुटले, आणि उतरले नाहीत. बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांत माझे हँडल अडकले. आम्ही दोघेही पडलो. सांडलेले दूध कोरड्या मातीने लगेच पिऊन टाकले. आश्रुबा उठले नाहीत.

वर्षभर मी गोठ्यात धूळ खात होते. वाऱ्याने चाक हलले, तरी मला तो ट्रॅक्टर ऐकू येई.

एका सकाळी त्यांच्या पत्नी विमलबाईंनी मला पुसायला घेतले. सासूबाई वच्छलाबाई रडू लागल्या, "कावून काढतीस ती? तिनंच माझ्या लेकाला नेलं."

"आत्या, सायकलीनं न्हाई, घाईनं नेलं. मी उतरत जाईन."

किटल्या अडकवून आम्ही दोघी डेअरीकडे निघालो, तेव्हा त्या वळणावर टँकरचा आवाज आला. विमलबाई उतरल्या आणि मला घेऊन कडेला उभ्या राहिल्या. जमीन हादरली, माझी घंटी आपोआप किणकिणली. "थांबले हो, थांबले," रिकाम्या रस्त्याकडे बघून त्या जणू आश्रुबांनाच म्हणाल्या.

आज दहा वर्षे झाली, त्या तिथे उतरतात आणि तेच म्हणतात. मागून सायकलवर येणारे उत्तरेश्वर मास्तर आधी हसायचे. एकदा एक टँकर त्यांच्या कोपराला घासून गेला. आता तेही उतरून आमच्याशेजारी उभे राहतात.

मित्रांनो, सायकलचे ब्रेक तपासा, मागे लाल फडके बांधा. पण अरुंद रस्त्यावर मोठे वाहन आले, तर आधी उतरा आणि धूळ बसेपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात दूध नासत नाही.

त्या वळणावर, त्या दिवशी न उतरलेल्या आश्रुबांचा पाय कधीतरी जमिनीला टेकेल, म्हणून मी अजून वाट बघते.